जुन्या लॅपटॉपची बॅटरी कंपनीकडून बदलून घेताना

शिक्षक मित्रांनो, चार्जर काढला की अर्ध्या तासात तुमचा लॅपटॉप बंद पडतो का? लगेच नवा घ्यायची घाई करू नका. बाकी लॅपटॉप ठणठणीत असेल, तर नुसती बॅटरी बदलूनही काम भागतं.

लिथियम-आयन बॅटरी वापरानुसार झिजतेच. उदाहरण म्हणून ॲपलचा मॅकबुक घेऊ. त्याच्या हल्लीच्या मॉडेलची बॅटरी १००० चार्ज सायकलपर्यंत धरलेली असते. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० टक्के वापरली, तर ती एकच सायकल.

सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ पाहा. तिथे ‘सर्व्हिस रेकमेंडेड’ दिसलं, तर अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. वॉरंटी संपली असली तरी पैसे भरून बॅटरी बदलून मिळते. मात्र फार वर्षं थांबू नका. मॉडेलची विक्री थांबून ७ वर्षं झाली की कंपनी साधारणपणे दुरुस्ती बंद करते. मॅकबुकच्या बॅटरीसाठी ही मुदत १० वर्षांपर्यंत जाऊ शकते, पण सुटे भाग शिल्लक असतील तरच.

लॅपटॉप देण्यापूर्वी प्रश्नपत्रिका, निकाल, फोटो यांचा बॅकअप घ्या. खर्चाचा अंदाज लेखी मागा.

आणि टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट बसत नाही असं दिसलं, तर बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबू किंवा टोचू नका. तिला आग लागू शकते. अशा वेळी एक दिवसही चालढकल नको!