शिरोरेषा सरळ येईपर्यंत

चंद्रपुरातले आमचे जुने घर पाडले, तेव्हा अब्बांनी स्वतः घडवलेल्या दरवाजाची एक सागवानी फळी मी मागून घेतली. अब्बा वाढईकाम करत. मी बी.ए. झालो, कवितेच्या नादी लागलो आणि पटाशी काही माझ्या हाती टिकली नाही. पुढे मोहल्ल्यातल्या वाचनालयाला नवी पाटी हवी झाली. मी बोलून बसलो, की लाकूड अब्बांचे आणि अक्षरे माझी. आयटीआय झालेल्या माझ्या भाच्याने त्याच सुमारास हौसेखातर एक छोटे सीएनसी यंत्र मागवले होते. ‘मामू, दोन तासांत पाटी तयार,’ तो म्हणाला. त्या दोन तासांना पुढे आठ महिने लागले. फळीतून पाटी एकच निघणार होती. ती बिघडली असती, तर दुसरी फळी आणायला कुठे जाणार होतो?

सीएनसी म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांवर चालणारे कोरकामाचे यंत्र. त्यात तीन दिशा असतात: डावी-उजवी, पुढे-मागे आणि वर-खाली. प्रत्येक दिशेला एक मोटर आणि आट्यांचा एक लांब दांडा. मोटर फिरली की दांडा फिरतो आणि त्यावरचा पितळी नट सरकतो. वर गरगर फिरणारे पाते, ज्याला सगळे ‘बिट’ म्हणतात, ते लाकूड कोरत जाते. या मोटरचे एक वैशिष्ट्य आहे. ती सलग फिरत नाही, पावले टाकत फिरते. एका फेऱ्यात २०० पावले. त्या पावलांचेही बारीक भाग करून आमच्या यंत्रात एक मिलिमीटर सरकायला ८०० सूक्ष्म पावले लागतात.

पण यंत्राला डोळे नसतात. अंधाऱ्या घरात माणूस पावले मोजत पाण्याच्या माठापर्यंत जातो, तसे हे चालते. मध्येच पाय अडखळला, तरी मोजणी चालूच राहते. माठ मग हाताला लागत नाही. या यंत्राचे बहुतेक आजार या एकाच गोष्टीतून निघतात.

आकड्यांवर चालणारे असे यंत्र अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत १९५२ साली जगापुढे आले. तेव्हा हुकूम छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर असत आणि यंत्र विमानाचे भाग घडवण्यासाठी होते. ते सामान्य माणसाच्या पडवीत यायला अर्धे शतक लागले. त्या प्रवासात महाराष्ट्राचेही एक गाव आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उभ्या केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांपैकी ती एक. पुढे २००९ साली नॉर्वेतल्या एका तरुणाने ‘जीआरबीएल’ नावाची आज्ञावली लिहिली आणि ती सर्वांना मोफत दिली. आमच्या तीस सेंटिमीटर बाय अठरा सेंटिमीटरच्या यंत्राच्या डोक्यात तीच बसलेली आहे.

आता आमच्या चुका सांगतो, कारण शिकलो ते त्यांतूनच.

पहिली चूक ताकदीची. मूळ मोटर दुबळी वाटली म्हणून भाच्याने आल्याआल्या पाचशे वॅटची मोठी मोटर बसवली. काम सुधारायच्या ऐवजी बिघडले. मूळ सांगाडा हलका, त्यावर जड डोके. बिट लाकडाला टेकले की सगळी कमान मान डोलावल्यासारखी हलायची. कोरलेल्या कडेवर लाटा उठायच्या. शेवटी ती मोटर काढून ठेवली. आधी सांगाड्याच्या कोपऱ्यांना लोखंडी आधार दिले आणि यंत्र जाड प्लायवर घट्ट कसले. कमान हाताने दाबून हलते का ते पाहिले. ती स्थिर झाल्यावरच मोठी मोटर परत चढवली. म्हणून नवे भाग घेण्याआधी क्रम लक्षात ठेवा: आधी सांगाडा, मग दांडे आणि नट, मग टोकाचे थांबे आणि धुळीचा बंदोबस्त. ताकद सर्वांत शेवटी.

दुसरी चूक गणिताची. टाकाऊ फळीवर ‘वाचनालय’ कोरून पाहिले. ‘व’ आणि ‘च’ यांची पोटे गोल येईनात, जिथे वळण बदलते तिथे चपटी होत. मोजपट्टी लावली. शंभर मिलिमीटर मागितले तर ९९.६ मिळत होते. भाच्याने त्रैराशिक मांडले आणि ८०० च्या जागी ८०३ पावले लिहिली. माप जुळले, गोल मात्र चपटेच राहिले. दुसऱ्या दिवशी एकाच दिशेने सलग नेऊन मोजले, तर १००.४ भरले! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पावलांचा आकडा बरोबरच होता. नटाच्या आट्या झिजून दांड्यावर ढिल्या झाल्या होत्या. दिशा बदलली की आधी ती ढिलाई भरून निघायची आणि मगच बिट सरकायचे. आजार पोटात आणि मलम पाठीला, असे आमचे झाले होते. आकडा परत ८०० केला, स्प्रिंगवाला दुहेरी नट बसवला, आणि ‘व’चे पोट भरले. तुमच्या यंत्राची परीक्षा घ्यायची असेल तर महाग उपकरण नको. ‘ठ’ आणि ‘ळ’ कोरून पाहा.

दुसरी परीक्षा शिरोरेषेची. आमची रेषा डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक होत जायची. आम्ही टोकदार, नव्वद अंशांचे बिट वापरतो. ते एक मिलिमीटर खोल गेले की दोन मिलिमीटर रुंद रेघ पडते. म्हणजे बैठक उजवीकडे नुसती अर्धा मिलिमीटर खचली असेल, तर रेघ एक मिलिमीटरने बारीक होणार. अब्बांचे जुने सोबती, आज ऐंशीच्या घरातले वाढईकाका, बघायला आले होते. त्यांनी बैठकीवर गुण्याची कड टेकवून खालून उजेड पाहिला. ‘बाबू, पाटच वाकडा असन तं पटाशीचा काय दोष?’ म्हणाले. उपाय सोपा निघाला. बैठकीवर एमडीएफची फळी पक्की केली आणि यंत्राकडूनच रुंद बिटाने ती रंधून घेतली. यंत्राने स्वतःच्या मापाने स्वतःची बैठक सपाट केली. ती फळी झिजली की पुन्हा रंधायची, संपली की बदलायची.

निगा राखण्याच्या बाबतीत आपल्या भागाची हवा विसरून चालत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मोटरला पावले टाकायला लावणाऱ्या चिपा दुपारी तापतात आणि पावले चुकू लागतात. आम्ही त्यांवर छोटा पंखा लावला आणि उन्हाळ्यात काम फजरच्या नमाजनंतर, सकाळी नऊच्या आत उरकतो. दुसरे म्हणजे धूळ. खाणी आणि वीज केंद्राच्या या शहरात काळी पूड खिडकीत रोज दिसते. त्यात लाकडाचा भुसा. दांड्याला भरपूर ग्रीस चोपडले की या दोन्हींचा लगदा होतो आणि तोच पॉलिश पेपरसारखा नट खातो. दर कामानंतर ब्रशने दांडा साफ करावा, फडक्याने पुसावा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा नुसता हात फिरवावा. महिन्यातून एकदा मोटर आणि दांडा जोडणारे बारीक स्क्रू कसावेत. वीज गेली तर यंत्र आपली जागा विसरते. टोकाचे थांबे असतील तर ते पुन्हा घरी जाऊन मोजणी नव्याने सुरू करू शकते.

स्वतःचीही निगा राखावी. सागाची बारीक धूळ कित्येकांच्या कातडीला आणि श्वासाला बाधते. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे. चांगला मास्क हवा, आणि धूळ ओढणारा व्हॅक्यूम हवा. त्याच्या प्लास्टिक नळीत स्थिर वीज साठते, ती यंत्राला मध्येच बंद पाडू शकते. म्हणून अर्थिंग पक्के करावे.

राहिले लाकूड. आलापल्लीचा साग जगाला सांगावा लागत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झाले, तेव्हा साऱ्या गावाने ते पाहिले. नवे लाकूड घेताना आगाराची पावती जपून ठेवावी. आणखी एक गोष्ट: सागात निसर्गतःच वाळूसारखा सिलिका असतो, तो बिटाची धार खातो. बिटाखालून सालपटे पडत असतील तर ठीक. पीठ पडू लागले आणि जळका वास आला, की बिट बदलावे किंवा चाल वाढवावी. आमचे छोटे यंत्र एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरहून खोल नेत नाही. त्याची तेवढीच ऐपत आहे.

एवढे सगळे शिकून एका सकाळी अब्बांची फळी बैठकीवर चढवली. ‘वाचना’ सुंदर उतरले. ‘ल’च्या मध्यावर ठण्ण असा आवाज झाला आणि बिट तुटले. लाकडात खोल, डोके मोडलेला एक खिळा होता. वरून काहीच दिसत नव्हते. जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवायचे असते, हे आम्ही विसरलो होतो. यंत्र मात्र पावले मोजत पुढे चाललेच होते. भाच्याने लाल बटण दाबले.

वाढईकाकांना बोलावले. त्यांनी खिळा उपसला, तळहातावर ठेवला आणि म्हणाले, ‘हा तुझ्या बापानंच ठोकला असन.’ त्याच फळीच्या काठातून त्यांनी बोटाच्या पेराएवढा तुकडा काढला, रेषेला रेषा जुळवून बसवला आणि पटाशीने सपाट केला. आम्ही यंत्राला घरी पाठवले, शून्य पुन्हा लावले आणि ‘ल’पासून पुढे कोरले.

पाटी आता वाचनालयाच्या दारावर आहे. ‘ल’मधला तो तुकडा जाणत्या नजरेला दिसतो. कुणी विचारले तर मी आधी खिळ्याची गोष्ट सांगतो आणि मग यंत्राची.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)