मूर हॉल : सव्वाशे वर्षांचा संसार आणि एक रात्र

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात, लॉख कॅरा तळ्याकाठच्या टेकडीवर मूर हॉलच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. तळघरावर तीन मजले. छप्पर मात्र नाही आणि खिडक्यांच्या जागी नुसती भगदाडं.

जॉर्ज मूरने १७९२ ते १७९५ या काळात हा वाडा बांधला. पैसा आला स्पेनमधून, अलिकांतेतल्या वाइन-ब्रँडीच्या व्यापारातून. मूरसारख्या कॅथलिकांना मायदेशी जमीन विकत घेण्याची मनाई होती. १७८२ च्या कायद्याने ती उठली, म्हणून हा सगळा थाट शक्य झाला.

पण घरभरणीनंतर तीनच वर्षांत राजकारण उंबऱ्यात आलं. ऑगस्ट १७९८ मध्ये आयरिश बंडखोरांच्या मदतीला जनरल अंबेरची फ्रेंच फौज मेयोतल्याच किलालाला उतरली, कॅसलबार पडलं आणि मूरचा मुलगा जॉन पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांतात घोषित झालेल्या ‘कॉनॉट प्रजासत्ताका’चा अध्यक्ष झाला. अध्यक्षपद टिकलं जेमतेम काही दिवस. इंग्रजांनी त्याला पकडलं आणि १७९९ मध्ये कैदेतच वॉटरफर्डला त्याचा मृत्यू झाला. त्याच्या थडग्याचाही पुढे विसर पडला. ते सापडल्यावर १९६१ मध्ये कॅसलबारला लष्करी इतमामात त्याचं पुन्हा दफन झालं.

पुढच्या पिढ्यांत जमीनदारीची दोन्ही टोकं दिसतात. बटाट्याच्या दुष्काळात, १८४६ साली, जॉर्ज हेन्री मूरच्या ‘कोराना’ घोड्याने चेस्टर कप जिंकला. त्या पैशातून त्याने कुळांना मदत धाडली. शर्यतीच्या पैशाचा इतका चांगला उपयोग विरळाच! त्याचा थोरला मुलगा जॉर्ज, पुढे ‘एस्थर वॉटर्स’ लिहिणारा कादंबरीकार, पॅरिसमध्ये चित्रकारांच्या गोतावळ्यात रमला होता, तोही कुळांच्याच खंडावर. १८७९ मध्ये मेयोतच जमीन चळवळ पेटली, खंड थकला, आणि त्याला पॅरिस सोडावं लागलं.

१ फेब्रुवारी १९२३. ब्रिटनशी झालेल्या तहावरून आयर्लंडमध्ये यादवी युद्ध चालू होतं. कादंबरीकार जॉर्जचा धाकटा भाऊ मॉरिस तहातून उभ्या राहिलेल्या नव्या फ्री स्टेटच्या सिनेटमध्ये बसला, एवढं कारण पुरलं. तहविरोधी प्रजासत्ताकवाद्यांनी वाडा पेटवला. ग्रंथसंग्रहही गेला. ज्या घराने कॉनॉटला पहिला प्रजासत्ताक अध्यक्ष दिला, ते प्रजासत्ताकाच्याच नावाने जळलं!

मूर कुटुंब तिथे परतलं नाही. आवारात सरकारी वनखात्याची झाडं वाढली. २०१८ मध्ये मेयो काउंटी कौन्सिलने ही मालमत्ता विकत घेतली. मात्र दुरुस्तीत एक अडचण आहे: अवशेषांत दुर्मीळ छोट्या नालनाक्या वटवाघळांची वस्ती आहे. तिला युरोपीय कायद्याचं संरक्षण असल्याने गवंड्यांना आपलं वेळापत्रक वटवाघळांच्या विणीच्या हंगामाशी जुळवून घ्यावं लागतं.