उतरलेली बॅटरी

लडाखमधील हिवाळ्यात पुष्कळ मोटारसायकली महिनोन्महिने उभ्या असतात. उन्हाळ्याच्या तोंडी मालक कळ दाबतो. परंतु एंजिन मूकच राहते! असे का बरे होते?

बॅटरीत शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. गाडी उभी असली, तरी आतील रासायनिक क्रिया मंद गतीने चालूच राहते व साठविलेली वीज हळूहळू खर्च होते. पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचा थर कठीण होत जातो. आम्लही पाण्यासारखे होते. म्हणून पूर्ण भारलेली बॅटरी शून्याखाली ५० अंशांवरही गोठत नाही. उतरलेली मात्र सुमारे १० अंशांवरच गोठून तडकू शकते.

तडकलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ती धड असेल, तर उबदार जागी ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्यावा व मगच सावकाश भारावी. त्या वेळी हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. म्हणून जागा हवेशीर असावी व जवळपास ठिणगीही नसावी. काही तासांच्या विश्रांतीनंतर १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरला, म्हणजे काम झाले.

तथापि, थंडीपूर्वीच बॅटरी पूर्ण भारून ठेवणे व अधूनमधून तिची विचारपूस करणे, हेच शहाणपणाचे होय.