दंतवैद्याच्या मदतनिसाचे शास्त्र

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाना ओलीच्या नावातच दाणा आहे. आणि हिवाळा आला की त्या शहरात तिळागुळाची गजक आवडीने खाल्ली जाते. गजकेचा कण दाढेच्या खाचेत अडकला म्हणजे पुढे काय घडते, हा दंतवैद्याच्या मदतनिसाने शिकावयाचा पहिला धडा होय.

दाताचे बाह्य कवच, म्हणजे दंतवल्क, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. शरीरात त्याहून कठीण असे काही नाही. परंतु ते घडविणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात. म्हणून मोडलेले हाड सांधते, गेलेले दंतवल्क मात्र पुन्हा येत नाही. तोंडातील जंतू गुळासाखरेपासून आम्ल बनवितात, हे मिलर याने १८९० मध्ये प्रतिपादन केले. सामू ५.५ च्या खाली उतरला की खनिज विरघळू लागते. लाळ ही हानी थोडीफार भरून काढते. पण तोंड दिवसभर चालूच राहिले, तर तिला उसंत कोठून मिळणार?

मदतनिसाच्या हाती याहूनही मोठी जोखीम असते. रक्ताने माखलेले हत्यार दुसऱ्या रोग्याच्या हिरडीला लागले, तर हिपॅटायटिस बीसारखा यकृताचा रोग त्याच्या माथी येऊ शकतो. नुसते उकळणे पुरत नाही. काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. दाबाखालची वाफ १२१ अंश सेल्सिअसला निदान १५ मिनिटे हत्याराला भिडावी लागते, आणि वाळलेले रक्त तिला अडविते. म्हणून हत्यार आधी घासून स्वच्छ करावयाचे, मगच यंत्रात ठेवावयाचे. आणि मिनिटे मोजावयाची ती यंत्र सुरू केल्यापासून नव्हे, तर आतील उष्णता १२१ अंशांवर पोहोचल्यापासून.