पीएफच्या फॉर्मात ट्रस्ट बसत नाही

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये नोकरी करणाऱ्या वाचकाचं पत्र आलंय, ते मागे ठेवावंसं वाटेना. निवृत्तीला पाच-सहा वर्षं आहेत, मुलगी पंचविशीची, जन्मापासून गतिमंद. “आम्ही दोघं गेल्यावर पोरीचं कसं होईन?” असं विचारून ते लिहितात : तिच्यासाठी ट्रस्ट केला, तर पीएफच्या नॉमिनेशनमध्ये थेट ट्रस्टचंच नाव टाकता येईल का?

नाही. अमेरिकेत निवृत्तीच्या खात्याला ट्रस्टचं नाव लावता येतं, आणि तिकडे मुलं असलेली आपली अमरावतीची मंडळी तोच सल्ला इथे वाटत असतात. पण १९५२ च्या पीएफ योजनेचा ६१ वा परिच्छेद सांगतो : कुटुंब असेल, तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा. नोकरदार पुरुषाचं कुटुंब म्हणजे बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील, वारलेल्या मुलाची बायको-मुलं. सख्खा भाऊसुद्धा त्यात नाही, मग ट्रस्ट कुठून येणार? तरीही ते नाव टाकलं तर नॉमिनेशनच बाद. मग पैसे कुटुंबात समान वाटले जातात. त्यातही बायको किंवा अविवाहित मुलगी असली, तर सज्ञान मुलगे आणि नवरा हयात असलेल्या मुली वगळल्या जातात.

मग करायचं काय? फॉर्मात बायकोचं नाव आणि मृत्युपत्रात ट्रस्ट. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पीएफच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ते २००९ मध्येच शिप्रा सेनगुप्ता खटल्यात सांगितलं होतं. तिथे मुलाने लग्नाआधी आईला नॉमिनी केलेलं, आणि तो गेल्यावर त्याची बायको कोर्टात. मृत्युपत्रानेच ट्रस्ट केला की हयातीत वेगळा दस्त करायला नको. आणि कृपा करून धर्मादाय कार्यालयात फेऱ्या घालू नका. घरच्या माणसासाठीचा ट्रस्ट खासगी असतो, तो १८८२ च्या कायद्याखाली येतो. धर्मादाय आयुक्तांचा त्याच्याशी संबंध नाही.

पत्रात न विचारलेली एक गोष्ट जास्त मोलाची आहे. पीएफसोबतच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत, सभासद वारल्यावर कायमस्वरूपी पूर्ण दिव्यांग मुलामुलीला वयाची अट न लावता पेन्शन मिळतं. त्याला ट्रस्ट लागत नाही, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते आजच काढून ठेवा.

आता माझ्या आवडीचा कायदा : विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा, १८७४ सालचा. त्याच्या सहाव्या कलमाने, नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर बायको-मुलांसाठी म्हणून विमा काढला, की ती पॉलिसीच ट्रस्ट ठरते. वेगळा कागद नाही, वकील नाही. आपल्याकडच्या हिंदू-मुसलमानांना हे १ एप्रिल १९२३ नंतरच्या पॉलिसींपासून लागू झालं. म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली, तरी विमा एजंटांपैकी फार थोडे हे आपणहून सांगतात. ट्रस्टी कोण, तेही लिहून देता येतं, म्हणून मुलगी स्वतः सही करू शकत नसली तरी अडत नाही. डोक्यावर सोसायटीचं कर्ज असलं, तरी ही रक्कम धनकोंच्या हाती जात नाही. कर्ज बुडवण्यासाठीच पॉलिसी काढली असं सिद्ध झालं, तर मात्र त्यांना आपलं येणं या रकमेतून वसूल करता येतं.

पन्नाशी ओलांडल्यावर हप्ता जड जातो, हे खरं. पण काढायचीच ठरवली, तर या कायद्याखाली हवी हे पॉलिसी घेतानाच सांगा, नंतर जोडता येत नाही. आणि एकदा काढली की ती तुमची राहत नाही : तिच्यावर स्वतःसाठी कर्ज काढायचं नाही, मोडून पैसे घ्यायचे नाहीत, उद्या मन बदललं तरी नाव बदलायचं नाही.