कांस्याच्या चकतीवरचे एक वाक्य

मे महिन्यातील संग्रहालयाच्या शिबिरात मुले पहिल्या दिवशी थेट बंदुकांच्या कपाटाकडे धावतात. त्यांना अडवू नये. कोणती किती लांब मारते, वजन किती, खरी आहे का, हे विचारून झाले की अर्ध्या तासात त्यांची हौस फिटते आणि मग शिकवायला सुरुवात करता येते. सीमाभागातील अशा शिबिरांत आठवी ते दहावीच्या मुलांना मी पहिले महायुद्ध शिकवते. ज्या वस्तूवर माझा सर्वांत जास्त वेळ जातो ती शस्त्र नाही. ती तळहाताहून थोडी मोठी अशी कांस्याची चकती आहे. एका कुटुंबाने ती पिढ्यान्‌पिढ्या देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती आणि शिबिरापुरती आम्हाला दिली.

चकतीचा व्यास १२० मिलिमीटर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातील जो माणूस कामी आला, त्याच्या जवळच्या नातेवाइकाला युद्धानंतर अशी चकती सरकारकडून मिळे. तेरा लाखांहून अधिक चकत्या ओतल्या गेल्या. वर त्रिशूळधारी ब्रिटानिया, तिच्यापुढे सिंह, कडेने इंग्रजीत एक वाक्य आणि एका चौकटीत मृताचे नाव. नावाआधी हुद्दा नाही. मरणात सारे सारखेच, म्हणून तो मुद्दाम गाळलेला आहे. नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत. ते वाचून मूळ मराठी नाव ओळखणे हाच मुलांचा पहिला धडा असतो, आणि त्यात ती बऱ्याचदा अडखळतात.

वाक्य अगदी सोपे आहे. स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी तो मेला, एवढाच त्याचा अर्थ. ते मी फळ्यावर लिहिते आणि सांगते : ही चकती ज्या आईच्या हातात पडली तिला इंग्रजी येत नव्हते. गावातल्या कोणा शिकलेल्या माणसाने तिला हे वाक्य मराठीत सांगायचे आहे. त्याने काय सांगावे?

पहिल्याच शब्दाला वर्गात दोन तट पडतात. ‘तो’ की ‘ते’? सैनिक आहे, मान द्यायला हवा, म्हणून अर्धी मुले ‘ते’ लिहितात. एका वर्षी एका मुलीने विचारले, “बाई, आई आपल्या मुलाला ‘ते’ म्हणेल का?” इंग्रजीला हा प्रश्न पडतच नाही. मराठीत मात्र सर्वनाम निवडताक्षणी हे वाक्य कोण कोणाला सांगते आहे, हे ठरवावे लागते.

पुढचा शब्द ‘मेला’. मुले फळ्यावर यादी करतात : वारला, गेला, कामी आला, धारातीर्थी पडला, शहीद झाला, हुतात्मा झाला. ‘हुतात्मा’ शब्द आमच्याकडच्या मुलांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. दरवर्षी १७ जानेवारीला ती तो ऐकतच असतात. म्हणूनच त्यावर वाद रंगतो. पगारावर गेलेला शिपाई हुतात्मा कसा, असे एक गट म्हणतो. पगार घेतला म्हणून जीव स्वस्त होतो का, असे दुसरा. मी निकाल देत नाही. तिथून मी त्यांना कूतला नेते, कारण कशासाठी आणि कसे मरण आले हे कळल्याशिवाय शब्द निवडता येत नाही.

सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ व ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या रोखाने निघालेले हे सैन्य नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर मागे हटले आणि टायग्रिसच्या वळणावरील कूत-अल-अमारा या गावात ७ डिसेंबरपासून तुर्कांच्या वेढ्यात सापडले. वेढा जवळपास पाच महिने चालला. शिधा कमी कमी होत गेला. घोडे कापून त्यांचे मांस वाटले जाऊ लागले, तेव्हा बहुतेक भारतीय शिपायांनी ते कित्येक आठवडे नाकारले. ताजी भाजी नाही, मांस नाही. रक्तपितीसारख्या रोगांनी माणसे खंगली. हिंदुस्थानातील धर्मप्रमुखांच्या परवानग्या मागवण्यात आल्या. अखेर एप्रिलमध्ये अनेकांनी ते खाल्ले.

हा भाग शिकवताना घाई करू नये. मुले आधी हसतात, मग “किती अडाणीपणा!” म्हणतात. त्यांना एकच विचारावे : घरी परतल्यावर भावकीने पंगतीतून उठवले तर, ही भीती त्या माणसाला वाटत नसेल? ज्याला आपण परत जाऊ अशी आशा आहे तोच गावाला भितो. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात हा नकार शिस्तीच्या अडचणीसारखा येतो. शिपायाच्या बाजूने तो मांडायचा तर पुरावा फार थोडा आहे, हेही मुलांना स्पष्ट सांगावे.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूतने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. सेनापती टाउनशेंड यांचा बंदिवास इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात गेला. शिपायांना वाळवंटातून पायी नेले, पुढे अनेकांना रेल्वेच्या कामाला जुंपले. हजारो परत आले नाहीत.

आता मी फळ्यावर त्याच्या आदल्या दिवसाची तारीख लिहिते. २८ एप्रिल १९१६, बेळगाव. प्रांतिक परिषदेसाठी लोकमान्य टिळक आले होते आणि त्या दिवशी इथे त्यांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. चकतीवरच्या ‘फ्रीडम’ला मुलांनी तोवर बेधडक ‘स्वातंत्र्य’ असे लिहिलेले असते. दोन तारखा शेजारी आल्या की वर्ग गप्प होतो. बेळगावात जे मागावे लागत होते, त्याच्याचसाठी कूतमधला शिपाई मेला असे चकती सांगते.

इथे शिक्षकाने सावध राहावे. शिपाई फसला, एवढे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण टिळकांनीही सैन्यभरतीला विरोध केला नव्हता. तिच्या मोबदल्यात स्वराज्याचे हक्क मागितले होते. शिपायाला पगार हवा होता, पलटणीत बाप-चुलत्यांचे नाव होते, कुणाला गावातला दुष्काळ नकोसा झाला होता. कारणे एकाच माणसातही अनेक असतात. माझ्या मते हे मुलांना पटवून देणे तारखा शिकवण्याहून कठीण आहे.

बसऱ्याच्या युद्धस्मारकाची गोष्ट मी सर्वांत शेवटी सांगते. इराकमध्ये मेलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक १९२९ मध्ये उघडले. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरलेले आहे, भारतीय अधिकाऱ्याचेही आहे. भारतीय शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या आहे. हे ऐकल्यावर मुले चकती पुन्हा हातात मागतात आणि त्या चौकटीतल्या नावावरून बोट फिरवतात.

शेवटच्या दिवशी प्रत्येक गटाने चकतीसाठी चाळीस शब्दांची मराठी पाटी लिहायची असते. गेल्या वर्षी एका गटाने ‘तो’ ठेवले, ‘कामी आला’ लिहिले आणि ‘फ्रीडम’ हा शब्द देवनागरीत तसाच सोडला. भाषांतर का केले नाही, असे विचारल्यावर त्यांचे आपसांतच एकमत होईना. एक म्हणाला, तो शब्द सरकारचा होता. दुसरी म्हणाली, आईला सांगताना तो वगळलाच पाहिजे. पाटी लागली तेव्हा त्या शब्दाखाली पेन्सिलीने ओढलेली रेघ तशीच होती.