चोरकप्प्यातले सोने



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटले असेल की, आता तासभर एखाद्या रहस्यकथेची गंमत ऐकायला मिळणार. तशी थोडीफार गंमत या विषयात आहे, नाही असे नाही. पण माझा हेतू निराळा आहे. उतारूंच्या आगबोटीवर काम करणारा माणूस, म्हणजे कोणी बटलर, कोणी खलाशी, कोणी आगवाला, चोरटा माल का आणतो, कसा आणतो, आणि पकडला गेला म्हणजे शिक्षा कोणाला होते, एवढेच मला सांगावयाचे आहे. आणि सांगता सांगता हा प्रश्न बोटीवरून उतरून आपल्याच घरापर्यंत कसा येतो, तेही पाहावयाचे आहे.

पहिली गोष्ट ही की, चोरट्या व्यापाराचे मूळ माणसाच्या हिकमतीत नसते, ते दोन किमतींतल्या अंतरात असते. एकच वस्तू समुद्राच्या या काठावर महाग आणि त्या काठावर स्वस्त झाली, की दोन्ही काठांना लागणाऱ्या बोटीवर तिची चोरटी वाहतूक सुरू होते. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या बोटींवरचे लोक दारू उतरवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात कपड्यांवर रेशनिंग होते. तेव्हा न्यूयॉर्कहून येणाऱ्या मोठमोठ्या उतारू बोटींवरचे नोकर नायलॉनचे पायमोजे आणीत. वस्तू बदलली, देश बदलला, पण नियम तोच राहिला.

आपल्याकडे ही वस्तू होती सोने. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर कडक बंधने आली. १९६२ साली सरकारने सुवर्णरोखे काढले, तेव्हा सोन्याची किंमत आंतरराष्ट्रीय भावाने तोळ्याला साडेबासष्ट रुपये धरली होती. आपल्या बाजारात मात्र त्याच तोळ्याला दुपटीहून अधिक भाव होता. परदेशातून चोरून येणारे सोने बहुधा दहा तोळ्यांच्या लहान लगडींच्या रूपात येई. अशी एक लगड सुमारे ११७ ग्रॅम भरते आणि तळहाताच्या मधोमध सहज मावते. अशा शंभर लगडींचे वजन पावणेबारा किलोच्या आत. कपड्यांखाली अंगाला बांधून एक धट्टाकट्टा माणूस तेवढे वजन घेऊन चालू शकतो. आता हिशेब करा. तोळ्यामागे साठ रुपये सुटले, तरी हजार तोळ्यांना साठ हजार रुपये होतात! आणि त्या काळी खलाशाचा महिन्याचा पगार शेकड्यांतच मोजावा लागे. या एका आकड्यापुढे कायद्याची किती कलमे उभी करावयाची?

सोन्याच्या जोडीला मनगटी घड्याळे होती, कारण आपल्या देशातला एच्. एम्. टी. चा घड्याळांचा कारखाना १९६१ साली निघाला आणि तोवर चांगले घड्याळ म्हणजे परदेशीच. मुंबईत १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आल्यावर बोटीवरच्या बाटलीलाही भाव आला.

आता बोटीवरच्या माणसाकडे वळू. मोठ्या उतारू बोटी म्हणजे तरंगती शहरेच. त्यांवर डेकवरचे आणि इंजिनातले काम करणाऱ्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ असत, आणि भोजनगृह, स्वयंपाकघर व केबिनी सांभाळणाऱ्यांत गोव्याचे लोक. यांना बोटीवर पाय ठेवण्याआधी मुंबईत ताटकळावे लागे. गोवेकर तारवटी आपापल्या गावाच्या ‘कुडी’त, म्हणजे गावाने मिळून चालविलेल्या बिऱ्हाडात, पथारी टाकून महिनेच्या महिने बोटीची वाट पाहत. नोकरी मिळवून देणारे मध्यस्थ आणि सारंग लाच घेत. ही गोष्ट हिंदुस्थानातील मजुरांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनच्या १९३१ सालच्या अहवालातही नमूद आहे. लाचेसाठी कर्ज काढावयाचे, आणि कर्ज फेडण्यासाठी बोटीवर जावयाचे! कर्ज डोक्यावर घेऊन निघालेल्या माणसाला परक्या बंदरात कोणी सावकार भेटला आणि म्हणाला की, ‘हा डबा तेवढा मुंबईत पोचता कर’, तर त्याच्या मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करा. म्हणून चोरी क्षम्य ठरते असे मी म्हणत नाही. पण चोरी कोठे रुजते ते कळले पाहिजे. याच परिस्थितीतून हजारो माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक प्रामाणिकपणे नोकरी करून, निवृत्त होऊन घरी परतली, हेही विसरता कामा नये.

पण मोठ्या चोरीच्या आधी छोट्या लबाडीची शाळा असते. बोटीवरच्या बारचेच उदाहरण घ्या. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत तीस मिलिलिटरचे पंचवीस पेग होतात. वाढणाऱ्याने प्रत्येक पेगात तीन मिलिलिटर हात आखडता घेतला, तर सत्तावीस होतात. वरचे दोन त्याचे. याहून पक्का मनुष्य मापात काहीच कमी करीत नाही. तो बंदरावर स्वस्तात घेतलेली स्वतःची बाटली बारमध्ये ठेवतो, गिऱ्हाइकाला पुरे माप देतो आणि पैसे खिशात टाकतो. गिऱ्हाईक खूष, बोटीच्या बाटल्यांचा साठा कागदाबरहुकूम, हिशेबतपासनीस संतुष्ट! या लबाडीचे मर्म असे की, ती हिशेबात दिसतच नाही, कारण लिहिलेला हिशेब अगदी बरोबर असतो. न लिहिलेली विक्री तेवढी त्यात नसते. ती पकडावयाची तर एका सफरीची विक्री दुसऱ्या सफरीशी ताडून पाहावी लागते, बारवरची माणसे आलटूनपालटून बदलावी लागतात आणि नंबर घातलेल्या चिठ्ठ्यांशिवाय पेला देऊ नये असा दंडक घालावा लागतो. परक्या देशाचे नाणे बदलून देताना वट्टा जास्त कापणे, स्वयंपाकघरातले लोणी-मांस परस्पर किनाऱ्यावर विकणे, हे सारे याच शाळेतले धडे. रकमा लहान असतात, पण ‘मालकाचे काही गेलेले दिसत नाही, म्हणजे काही गेलेच नाही’ ही समजूत येथे पक्की होते.

अशा तयार मनाच्या माणसाला बोटीच्या अंतरंगाचीही माहिती असते. उतारूला बोट म्हणजे केबिन, जेवणघर आणि डेक. बोटीवरच्या माणसाला मात्र लाकडी तक्तपोशीच्या मागची पोकळी, हवेचे नळ, रंगाच्या डब्यांची कोठडी, पाण्याच्या टाक्या आणि इंजिनाकडे जाणाऱ्या अरुंद वाटा ठाऊक असतात. १९५७ साली कलकत्त्याच्या बंदरात ‘ईस्टर्न सागा’ नावाच्या बोटीची झडती झाली. तीत एक भोक सापडले. ते लाकडाच्या तुकड्याने बुजवून वरून रंग दिला होता. तुकडा काढला तेव्हा आतून सोन्याच्या लगडी निघाल्या. जकात खात्याने केवळ सोने जप्त केले नाही, तर बोटच जप्तीला पात्र ठरविली आणि जप्तीऐवजी पंचवीस लाखांचा दंड केला. बोटीची कंपनी म्हणाली, ‘आम्हांला या चोरकप्प्याची खबरही नव्हती.’ वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६४ साली न्यायालयाने निर्णय दिला की, माल लपविण्यासाठी बोटीत फेरफार झालेला असला म्हणजे मालकाला त्याची माहिती होती की नव्हती हा प्रश्न गैरलागू आहे.

हा कायदा कठोर वाटेल, पण त्यामागची दृष्टी समजण्याजोगी आहे. जकात अधिकारी बोटीवर असतो काही तास आणि मालक असतो बारा महिने. मालकावर जबाबदारी टाकली की तो स्वतःच झडत्या घेऊ लागतो. झडती घेणाराही सोने शोधीत नसतो, तो शोधतो विसंगती. सारी भिंत जुनी आणि एकच फळी नव्या रंगाची का? सगळ्या स्क्रूंवर गंज आहे, मग या चारांवर ताजे ओरखडे कसे? येथे ठोकल्यावर आवाज पोकळ का येतो? चोरकप्पा कोणत्याही कारागिराने कितीही सफाईने करावा, पण आजूबाजूच्या जुनेपणाशी त्याचा मेळ बसविणे कठीण असते.

मात्र कप्पा सापडला म्हणून चोर सापडतोच असे नाही. लगडींवर कोणाचे नाव नसते. संशय साऱ्या बोटीवर पडतो, आणि शेवटी सापडतो तो गोदीच्या फाटकाशी लगड अंगाला बांधून निघालेला मनुष्य. ही साखळी नीट पाहा. परदेशात पैसे गुंतविणारा एक, बोटीवर माल चढविणारा दुसरा, बोटीवर सांभाळणारा तिसरा, धक्क्यावर उतरवून घेणारा चौथा, लगड वितळवून परदेशी शिक्का नाहीसा करणारा पाचवा. यांतल्या एकाला दुसऱ्याचे नाव ठाऊक नसते. ओळख पटावी म्हणून एखाद्या नोटेचा नंबर आधी कळवून ठेवलेला असतो. ती नोट जो दाखवील त्याला माल द्यावयाचा. त्यामुळे पकडलेल्या माणसाने खरे सांगावयाचे ठरविले तरी त्याला सांगण्यासारखे फारसे काही माहीतच नसते. नफ्यातला लहान वाटा आणि धोक्यातला सर्वांत मोठा वाटा त्याच्याकडे. त्याचे नोकरीचे प्रमाणपत्र जाते. जुने खलाशी त्याला ‘नळी’ म्हणत, कारण तो कागद ते पत्र्याच्या नळीत जपून ठेवीत. नळी गेली म्हणजे समुद्र संपला. गावाकडे अर्धे बांधलेले घर तसेच राहते, मुलांची शाळा सुटते. पैसे गुंतविणारा मात्र झालेला तोटा पुढच्या फेरीत भरून काढतो.

या साखळीत सहावा कोणी आहे की नाही? आहे. तो म्हणजे विकत घेणारा.

माझ्या लहानपणी आमच्या घरी एक परदेशी घड्याळ आले. ‘बोटीवरच्या माणसाकडून मिळाले, दुकानापेक्षा निम्म्या किमतीत’, असे आमचे काका मोठ्या अभिमानाने सांगत. बिल नव्हते, पेटी नव्हती. आमचे काका सचोटीचे गृहस्थ. शेजाऱ्याचा एक पैसाही त्यांनी कधी ठेवून घेतला नसता. तरी त्या घड्याळाबद्दल घरात कोणी एका शब्दाने विचारले नाही, आणि मीही ते पुढे पुष्कळ वर्षे मनगटावर मिरविले. बारमध्ये स्वतःची बाटली ठेवणारा तो नोकर आणि आम्ही, यांच्या विचारात फरक काय होता? ‘कोणाचे काही गेलेले दिसत नाही’, हीच आमचीही समजूत होती. कायद्याने मात्र ग्राहकाला वगळलेले नाही. १९५५ साली जकातीच्या कायद्यात जे कलम आले आणि १९६२ च्या नव्या कायद्यातही जे राहिले, त्याप्रमाणे ज्याच्याजवळ चोरटे म्हणून सोने किंवा घड्याळ पकडले जाते, त्यानेच ते चोरटे नसल्याचे सिद्ध करावयाचे असते.

मग उपाय काय? १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. हजारो सोनारांचा धंदा बसला, पण लोकांची सोन्याची हौस काही चौदा कॅरटांवर आली नाही, आणि चोरटी आयात थांबली नाही. १९६६ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, आणि १९९२ मध्ये परदेशी राहणाऱ्या भारतीयांना जकात भरून उघडपणे सोने आणण्याची मुभा मिळाली. किमतींतले अंतर आटले, तसा चोरट्या सोन्याचा जुना धंदाही आटला. पुढे २०१३ साली सोन्यावरची जकात दहा टक्क्यांवर गेली, तेव्हा तस्करीने पुन्हा डोके वर काढले. २०२२ साली ती पंधरा टक्के झाली आणि २०२४ साली सहा टक्क्यांवर आणली गेली, तेव्हा तस्करीला आळा घालणे हाही त्यामागचा एक विचार होता. गेल्या शतकाचा धडा सरकारला अखेर आकड्यांत लिहावा लागला.

दरम्यान त्या बोटीही गेल्या. मुंबई-कराची-इराणी आखात या मार्गावर चालणारी ‘द्वारका’ १९८२ साली थांबली आणि एक युग संपले. चोरटे सोने विमानाने येऊ लागले. गोव्याची आणि कोकणाची मुले आज सहलीच्या प्रचंड बोटींवर नोकरीला जातात. तेथे बारमध्ये रोकड चालत नाही, उतारू कार्ड दाखवितो आणि प्रत्येक पेल्याची नोंद आपोआप होते. लबाडीची ती जुनी शाळा बरीचशी बंद पडली आहे. पण मोह संपलेला नाही. सोन्याच्या जागी आता अमली पदार्थांची पुडकी आली आहेत, आणि परदेशी बंदरात ‘ही पिशवी तेवढी पोचती कर’ म्हणणारा मनुष्य आजही भेटतो. आपल्या गावातला कोणी मुलगा बोटीवर निघाला असेल, तर त्याला निरोप देताना एवढे अवश्य सांगा की, आत काय आहे हे माहीत नसलेली वस्तू हातात घेऊ नकोस, कारण पकडला जाशील तेव्हा पिशवीचा धनी तुझ्या शेजारी उभा नसेल.

आणि आपण स्वतःला काय सांगावयाचे? निम्म्या किमतीत, बिलावाचून एखादी वस्तू पुढे आली, की ती स्वस्त का, एवढे विचारावयाचे. चोरकप्पा बोटीच्या भिंतीत असतो तसा आपल्या मनातही असतो. बोटीतला शोधावयाला जकात खात्याचे लोक आहेत. मनातल्याची झडती ज्याची त्यानेच घ्यावयाची असते.